मास्तर नक्की कोणाचे, वहिनी?

वहिनी, गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी, पिंपळगाव बसवंतच्या दवाखान्यात नेत असताना, रिक्षात तुम्ही गेलात. कारण हृदयविकार. त्याआधी काही वेळ तुम्ही शुद्धीवर होता आणि रिक्षावाल्याला म्हणालात, "सशांच्या खोक्यावर गोणपाट टाकायचं राहिलंय, तेवढं हिराबाईला सांगा." हे रिक्षावाल्याने मला स्वतः सांगितलं. मी मळ्यावर जाऊन पाहिलं. गोणपाट टाकलेलं होतं.

छातीत दुखायला लागलं ते आदल्या दिवशी, सोमवारी. मळ्यावर कामाला येणाऱ्या हिराबाई तुम्हाला म्हणाल्या होत्या, "ताई, चला, डॉक्टरला दाखवून येऊ." पण त्या दिवशी एका शाळेची सहल येणार होती. तुम्ही म्हणालात, "उद्या मंगळवार. उद्या सगळ्यांना सुट्टी. उद्या जाऊ." मंगळवार म्हणजे तुमच्याकडे प्राण्यांच्या सुट्टीचा वार. त्या दिवशी फाटक बंद. शेळीला कुणी हात लावायचा नाही, सशापुढे कुणी गाजर धरायचं नाही. जनावरांना आठवड्यातून एक दिवस माणसांपासून आराम हवा, हे ज्या बाईला सुचलं, तिला स्वतःच्या दुखण्यासाठी एक सोमवार मोकळा ठेवावा हे सुचलं नाही. सहलीबरोबर आलेल्या शिक्षकांना मी नंतर फोन केला. त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. "मॅडम खुर्चीत बसून होत्या," एवढं त्यांना आठवतं. तुम्ही कधी खुर्चीत बसत नव्हता.

तुमची निधनवार्ता आमच्या पेपरात मीच दिली. वय, गाव, मागे कोण, हे सगळं तीत आलं आहे. ते इथे पुन्हा देत नाही. इथे आहे ते आपलं राहिलेलं भांडण.

दादा गेल्यानंतर तुम्ही निम्मी द्राक्षबाग काढून टाकलीत. बागेचे लोखंडी अँगल आणि तारा वापरून कुंपण केलंत, वर हिरवी जाळी ताणलीत आणि शेळ्या, मेंढ्या, ससे, बदकं आणलीत. दूध, मटण, अंडी यांपैकी कशासाठीही नाही. शहरातल्या मुलांनी यावं, त्यांना हातानं चारा घालावा आणि अंगावरून हात फिरवावा यासाठी. मी तेव्हा म्हणालो होतो, "वहिनी, बाग काढून शेळ्या पाळणं मी समजू शकतो. पण नुसत्या हात लावायला?"

"भाऊजी, तुमच्या नाशकातली पोरं शेळी पुस्तकात बघतात. तिचं नाक ओलं असतं हे त्यांना कोण सांगणार?"

"त्यासाठी बाग काढायची?"

"बाग तुमच्या दादांची होती. ते होते तेव्हा मी कधी म्हटलं का, काढा म्हणून?"



येणारे लोक त्याला पेटिंग झू म्हणायचे. तुम्हाला ते आवडत नसे. झू म्हणजे पिंजरे, असं म्हणून तुम्ही विषय संपवायचात. मग काय म्हणायचं, तेही सांगायचा नाहीत. आमच्या रविवारच्या पानावर एकदा मजकूर द्यायचा होता, तेव्हा शीर्षकासाठी मी तुम्हाला नाव विचारलं. तुम्ही म्हणालात, "लिहा ना, वहिनीचा मळा." कुणाची वहिनी, हे वाचकाला कसं कळणार, असं मी विचारलं. "येतील तेव्हा कळेल," तुम्ही म्हणालात. मजकूर 'वहिनीचा मळा' या नावानेच छापला गेला. त्यानंतर सगळं पिंपळगाव तुम्हाला वहिनी म्हणू लागलं, बाजार समितीतले माझ्या वयाचे आडतेसुद्धा. यात मला काय खटकलं हे मी कधी सांगितलं नाही. आता सांगून उपयोग नाही.

नियम तुमचे होते आणि ते फळ्यावर लिहिलेले नव्हते, कारण मुलं वाचत नाहीत आणि मोठी माणसं वाचून सोडून देतात, असं तुमचं म्हणणं. आत आल्यावर मुलाने जमिनीवर बसायचं. तळहातावर घास ठेवायचा. जनावर येईल तेव्हा येईल. ससा उचलायचा नाही. आणि सगळ्यात मागे, दोन आडव्या बांबूंच्या पलीकडे, तुम्ही एक जागा राखली होती. तिला तुम्ही माजघर म्हणायचात. शेळीला, मेंढीला, कुणालाही कंटाळा आला की तिने बांबूखालून किंवा कडेच्या वाटेने माजघरात जायचं. तिथे पाणी, सावली आणि गव्हाण. तिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही आणि आत गेलेल्याला हाक मारायची नाही.

हा नियम पाळताना तुम्ही किती लोकांना दुखावलंत, याची मला कल्पना आहे, कारण त्यातल्या काहींनी मला फोन केले होते. एका बांधकाम व्यावसायिकाने मुलाच्या वाढदिवसाला सगळा मळा भाड्याने घेतला होता. फुगे, केक, फोटोग्राफर. मुलाला मळ्यावरच्या गाढवासोबत फोटो हवा होता. गाढव माजघरात गेलं. मी त्या दिवशी तिथे होतो.

वडील म्हणाले, "मॅडम, जरा बाहेर काढा की त्याला."

"ते आत गेलेत."

"अहो, गाढव आहे ते."

"हो. पण आत गेलेत."

"फोटोग्राफर थांबलाय आमचा."

"त्यांनाही बसवा ना खाली. चहा देऊ का?"

फोटो शेवटी बदकांसोबत निघाला. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं, तुमच्या वहिनींना धंदा करायचा आहे की नाही. मी तो प्रश्न तसाच तुमच्यापर्यंत पोचवला. तुम्ही म्हणालात, "त्यांना सांगा, विचार चालू आहे."

ते गाढव म्हणजे मास्तर. मळ्यावर ते कसं आलं, हे मला तुमच्याकडूनच कळलं आहे आणि वीटभट्टीवाल्याने त्याला दुजोरा दिला आहे. भट्टीवर विटा वाहताना गोणी घासून त्याच्या पाठीला जखम झाली होती. ती भरेना, म्हणून भट्टीवाल्याने त्याला मोकळं सोडलं होतं. हायवेच्या कडेला ते एकटं उभं होतं. तुम्ही त्याला चालवत घेऊन आलात आणि भट्टीवाल्याला निरोप पाठवलात. त्याने उलट निरोप पाठवला, ठेवा. जखम बरी झाली, पण तिथे केस पुन्हा आले नाहीत. एखादा हात पाठीकडे येताना दिसला की ते घाई न करता वळायचं आणि माजघरात जायचं. लाथ कधी मारली नाही. मान खाली घालून, परीक्षेच्या वर्गात फिरणाऱ्या माणसासारखं ते कुंपणाच्या कडेने हिंडायचं, म्हणून तुम्ही मास्तर नाव ठेवलंत. सहलीबरोबर आलेल्या एका शिक्षिका चिडल्या. "दुसरं नाव मिळालं नाही का तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "चांगलं माणूस आठवलं म्हणून ठेवलं, बाई." त्यानंतर त्याला अहोजाहो करण्यावाचून तुम्हाला गत्यंतर उरलं नाही. आम्हालाही.

आता मूळ भांडणाकडे येतो.

शेळ्या सगळ्यांकडे यायच्या. मास्तर येत नसत. काही मुलं फक्त त्यांच्यासाठी बसून राहायची आणि संध्याकाळी रडवेली होऊन निघायची. फाटकापाशी तुम्ही अशा मुलासमोर उकिडवं बसायचात आणि त्याला हळू आवाजात सांगायचात, "ते तुझेच आहेत. त्यांना अजून माहीत नाही, एवढंच. परत ये." हे मी माझ्या कानांनी एका मुलीच्या बाबतीत ऐकलं. मग एका मुलाच्या. मग आणखी एका. पुढे मी लक्ष ठेवलं, तर तुम्ही प्रत्येकाला हेच सांगत होता.

मी बातमीदार आहे. एकच गोष्ट अनेकांना दिल्याचं उघड झालं की आम्ही त्याला फसवणूक म्हणतो. सदनिकांच्या बाबतीत तशा बातम्या आमच्याकडे नेहमी येतात. म्हणून मी विचारलं.

"वहिनी, एक गाढव किती पोरांना देणार?"

"दिलं कुठं? दिलं असतं तर घेऊन गेली नसती का?"

"मग खोटं का सांगता?"

"खोटं कसं? मास्तरांना माहीत नाही, असं सांगते. ते खरंच आहे ना?"

"पोरं विश्वास ठेवतात तुमच्यावर."

"म्हणूनच परत येतात. रडत गेलेलं पोर येत नाही, भाऊजी. माझं आहे म्हणून गेलेलं येतं."

"आणि परत आल्यावरही मास्तर आत गेले तर?"

"तर अजून एकदा येईल."

"आणि एक दिवस तुम्ही नसलात तर?"

"तुम्ही आहात की."

"मी काय करणार यात?"

"ते तुम्ही बघा. मला आता चारा टाकायचाय."

हे भांडण आपण पुष्कळदा केलं. शब्द थोडे बदलायचे, शेवट तोच असायचा. तुम्ही उठून चारा टाकायला जायचात. गेल्या दिवाळीत मी तुम्हाला निर्वाणीचं सांगितलं होतं, की निदान यापुढे तरी असं सांगू नका. तुम्ही म्हणालात, "बरं." त्याच दुपारी तुम्ही फाटकापाशी एका मुलासमोर उकिडवं बसलेल्या मला दिसलात.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. माझी मुक्ता लहान असताना तिला गल्लीतलं कुत्रं चावलं होतं. त्यानंतर ती चप्पल घालायला तयार नसायची, कारण चप्पल घातली की बाहेर जावं लागतं. मी तिला तुमच्याकडे आणून सोडलं. तुम्ही तिला घाबरू नको म्हणाला नाहीत. काहीच म्हणाला नाहीत. ती तळहातावर घास घेऊन बसली आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून शेंगा सोलत राहिलात. ती सगळी दुपार तशीच गेली. मला शहरात काम होतं आणि मी सारखा घड्याळ पाहत होतो, त्याबद्दल तुम्ही मला नजरेनेच दटावलंत. शेवटी एक पांढरी शेळी आली. मुक्ताने हात मागे घेतला नाही. "बाबा, जीभ खरखरीत आहे," ती म्हणाली. परत येताना तिने स्वतःची चप्पल स्वतः घातली. मी तुम्हाला "येतो" म्हणालो आणि गाडी सुरू केली. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती. असायला हवी होती का, ते मला ठरवता आलेलं नाही.

तुम्ही गेल्यानंतरचं आता सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत नाही आणि त्यातला बराचसा घोळ तुमचा आहे.

तेराव्यानंतर तुमचा मुलगा निलेश आणि मी मळ्यावर बसलो. त्याची नोकरी पुण्यात, बायकोची नोकरी पुण्यात, राहतात इमारतीच्या वरच्या मजल्यावर. मळा चालवणं त्याला शक्य नाही आणि त्यात त्याचं चुकत नाही. ती जागा द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या शेजारच्या पॅकहाउसला द्यायचं ठरलं. प्रश्न जनावरांचा होता. मी निलेशला विचारलं, आईने याबद्दल काय सांगून ठेवलं होतं.

"आई म्हणायची, काका बघतील."

मला तुम्ही सांगितलं होतं, निलेश बघेल. मग आम्ही देवळ्याला तुमच्या भावाला फोन लावला. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. मामा म्हणाले, तुम्ही त्यांना सांगितलं होतं की पाव्हणे, म्हणजे मी, आणि निलेश मिळून बघतील, तू काळजी करू नको. निलेशने फोन ठेवला. मग म्हणाला, "काका, आईनं मास्तरांसारखं आपल्यालाही वाटून दिलंय." तो हसत नव्हता. मीही नाही.

ससे आणि बदकं पेठच्या बाजूच्या एका शाळेने नेली. शेळ्या-मेंढ्या मामा न्यायला तयार झाले. खाटकाला देणार नाही असा शब्द निलेशने मागितला, तेव्हा ते चिडले. "बहीणन्या बकऱ्या शेतस त्या. इकसू का मी?" गाढवाचं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी सरळ नाही म्हटलं. "गधडं नको माले. काय कामनं शे ते?" त्यांच्या कांद्याच्या शेतात ट्रॅक्टर आहे, पिकअप आहे. त्यांचंही चुकत नाही.

मग भट्टीवाला आला. मास्तरांना परत न्यायला तो तयार होता. "पाठ भरली की आता. हलकं काम दीन. उपाशी नाय ठेवणार," तो म्हणाला. माणूस वाईट नाही. हलकं काम म्हणजे कमी विटा, एवढाच त्याचा अर्थ होता आणि त्याने तो लपवला नाही. दुसरा कोणी न्यायला तयार नव्हता. निलेश हो म्हणाला. रविवारी मामांनी शेळ्यांसाठी पिकअप आणायचा आणि भट्टीवाल्याने मास्तरांसाठी टेम्पो, असं ठरलं.  केस नसलेल्या त्या जागेवर पुन्हा गोणी पडणार, एवढं मला दिसत होतं. पर्याय दिसत नव्हता. तुम्ही कोणता ठेवला होता, हे विचारायला तुम्ही नव्हता.

मळा बंद होत असल्याची चार ओळींची बातमी मी दिली. रविवारी सकाळी फाटक शेवटचं उघडं राहील, एवढंच तीत होतं. गाढवाचा उल्लेख नव्हता.

रविवारी सकाळी हायवेपासून आतपर्यंत गाड्या लागल्या. पहिल्यांदा माझ्याशी बोलले ते सिडकोतून आलेले एक गृहस्थ, सातपूरच्या कारखान्यात काम करणारे. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी सायली होती.

"सर, बातमी वाचली. ते गाढव आमच्या मुलीचं आहे. त्याचं काय करताय?"

मी काही बोलण्याआधी ओझरहून आलेल्या एक बाई पुढे झाल्या. "आमच्या अथर्वचं आहे ते. वहिनींनी माझ्यासमोर सांगितलं होतं."

"नाही हो," पंचवटीतले एक आजोबा म्हणाले, "आमच्या नातवाला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मी तिथं उभा होतो."

मागून आणखी आवाज आले. सगळे माझ्याकडे पाहत होते. एकच सदनिका सगळ्यांना मीच विकली, असा त्यांचा चेहरा होता. मी विचारलं, यांतलं कोण मास्तरांना आज घरी नेऊ शकतं. सिडकोचे गृहस्थ म्हणाले, त्यांच्या सोसायटीत कुत्र्यालाही परवानगी नाही. ओझरच्या बाईंचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. आजोबा विचार करून म्हणाले, "गच्ची आहे आमची. पण लिफ्ट नाही." ते गंभीर होते.

मोठी माणसं असं बोलत असताना मुलं आत जाऊन बसली होती. मी कुंपणापाशी उभा होतो, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं.

सायली अथर्वला म्हणाली, "तुझं पण आहे?"

"हो."

"तुझ्याकडे येतं?"

"नाही."

"माझ्याकडे पण नाही. मी खूपदा आलेय."

"मी पण."

सायलीने थोडा विचार केला आणि हातातला निम्मा घास त्याला दिला. मग दोघं शेजारी शेजारी तळहात पुढे करून बसली. बाकीची मुलं त्यांच्या ओळीत येऊन बसली. मास्तरांनी एवढे हात एकदम पाहिले आणि ते माजघरात गेले.

त्याच सुमारास भट्टीवाल्याचा टेम्पो आला. निलेश दोर घेऊन निघाला. बांबूपर्यंत गेला आणि थांबला. परत येऊन दोर माझ्या हातात देत म्हणाला, "काका, आईनं मला कधी आत जाऊ दिलं नाही. तुम्ही जा." मी दोर भट्टीवाल्याकडे दिला. तो बांबूपाशी पोचला तेव्हा सायली बसल्या जागेवरून म्हणाली, "काका, आत गेलेल्यांना हाक मारायची नाही."

भट्टीवाला हसला. "अगं पोरी, माझंच व्हतं ते आधी."

"आता आमचं आहे," अथर्व म्हणाला.

"कोणाचं? तुझं?"

"माझं. हिचं पण. याचं पण. त्या निळ्या शर्टवाल्याचं पण."

भट्टीवाल्याने ओळीवरून नजर फिरवली. मग कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या आईवडिलांवरून. त्यातले दोघेतिघे मोबाइलमध्ये त्याचं चित्रण करत होते. तो माझ्याजवळ आला, दोर परत दिला आणि हिराबाईंनी दिलेला चहा उभ्याउभ्याच प्याला.

"साहेब, एवढ्या मालकांचं जनावर मला नको. उद्या भट्टीवर येऊन उभे ऱ्हातील सगळे. ठेवा तुम्ही," तो म्हणाला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

म्हणजे आता मास्तरांना न्यायला कोणीच नव्हतं. निलेश पायरीवर डोकं धरून बसला. याच क्षणी तुम्ही इथे असायला हवं होतं, वहिनी. सांत्वनासाठी नाही. जाब विचारण्यासाठी.

दुपारी मामांचा पिकअप आला. शेळ्या फळीवरून वर चढल्या, मेंढ्या ढकलून चढवाव्या लागल्या. मामांनी मागचं फाळकं लावायला घेतलं, तेव्हा मास्तर माजघरातून बाहेर आले. कुणी हाक मारली नव्हती. मुलांच्या ओळीसमोरून, कुणाच्याही हाताकडे न पाहता ते चालत गेले, पिकअपच्या मागे उभे राहिले आणि वर शेळ्यांकडे पाहत राहिले.

मामा म्हणाले, "आते हाई कोण लई जाई?"

 सिडकोचे गृहस्थ जमिनीकडे पाहत होते. आजोबा बहुधा पुन्हा गच्चीचा विचार करत होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं, निलेशकडे पाहिलं, आणि तुमच्या नावाने अहिराणीत जे बोलले ते मी इथे देत नाही. मग त्यांनी फळी परत लावली.

"चढ," ते मास्तरांना म्हणाले. आणि आमच्याकडे वळून, "पण माले कोणी सांगू नका कोणं शे ते. ज्याले पाहानं व्हई, त्यानी देवळाले येवानं. काम सांगणार नही मी त्याले. पाहाले कोणी नही आलं, ते मंग बोलसू."

मास्तर फळीवरून चढले. पाठीला कुणी हात लावला नाही.

तुमचं म्हणणं बरोबर ठरलं, असं निलेश म्हणतो. आई सगळ्यांना खोटं बोलली नसती तर मास्तर आज विटा वाहत असते, असं तो म्हणतो. हे मला मान्य नाही. तुम्ही हा हिशोब करून बोलत होता, याला कसलाही आधार नाही. तुम्ही फक्त रडणाऱ्या मुलासमोर उकिडवं बसायचात आणि तोंडाला येईल ते सांगायचात. त्यातून एक गाढव वाचलं हा योगायोग आहे. आणि तुम्ही इथे असता, तर हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं, आणि तुम्ही चारा टाकायला उठला असता. चारा टाकायलाही आता तिथे कुणी उरलेलं नाही. जाळी उतरवली आहे. पॅकहाउसचं काम सुरू झालं आहे. मी परवा तिथून गेलो, तेव्हा गाडी थांबवली नाही.

मी रागावलेला आहे, वहिनी. कुणावर, ते मी पुरतं तपासलेलं नाही. तुमच्यावर आहे एवढं नक्की. एका सोमवारवर आहे. हे सगळं माझ्यावर सोपवून तुम्ही ते मला सांगितलं नाहीत, यावर आहे. आणि सांगितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो हे तुम्हाला ठाऊक होतं, यावरही आहे.

काल सकाळी मी देवळ्याला मामांकडे फोन केला. मामा शेतात होते. मामी बोलल्या. मास्तर शेळ्यांबरोबर गोठ्यात असतात, खातात, पाठीवर काही ठेवलेलं नाही. गेल्या रविवारी सायली आणि तिचे वडील एसटीने आले होते. सायली गोठ्यासमोर जमिनीवर बसली. मास्तर गोठ्यामागे गेले. तिने हाक मारली नाही. जेवून झाल्यावर ती मामींना म्हणाली, पुढच्या सुट्टीला अथर्वलाही घेऊन येते, आणि दुपारच्या गाडीने दोघं नाशिकला परतली.